जुन्या गाडीला तिसरा ब्रेक लाईट बसवायचाय? आधी जुने दोन तपासा

आपल्या तालुक्यांत मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, इंडिका या गाड्या अजून भरपूर आहेत. दवाखाना असो, बाजार असो, लग्नकार्य असो, घरची गाडी हीच. इंजिनाची काळजी सगळे घेतात. ऑइल बदलतात, टायर बघतात. पण गाडीच्या मागं उभं राहून ब्रेक लाईट लागतात का, हे बघणारा क्वचितच. बऱ्याच गाड्यांचा एक लाईट बंद असतो, दुसरा मिणमिणता, वर लाल काच धुळीनं आणि उन्हानं फिक्की पडलेली.

नव्या गाड्यांना मागच्या काचेजवळ मधोमध तिसरा ब्रेक लाईट कंपनीतूनच येतो. अनेक जुन्या गाड्यांना तो नाही. तो एलईडीचा बसवून घेता येतो. काम तासा-दीड तासाचं आहे आणि खर्चही फार नाही. पण चुकीचा बसवला तर फायदा राहतो बाजूला, मागच्या ड्रायव्हरचा गोंधळच जास्त होतो. म्हणून तो काय करतो, कसा निवडायचा, कुठं बसवायचा आणि वायर कुठं जोडायची, हे सगळं एका जागी देत आहोत.

तिसरा लाईट कशासाठी?

खालचे दोन ब्रेक लाईट मागच्या गाडीला दिसतात. पण त्याच्या मागच्या गाडीला बहुतेक वेळा दिसत नाहीत, कारण मधली गाडी आडवी येते. तिसरा लाईट उंचावर असतो. तो मधल्या गाडीच्या काचांतून आरपार दिसू शकतो. म्हणजे पहिल्या गाडीनं ब्रेक दाबला की तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हरही सावध होतो.

दुसरं कारण असं की खालचे दोन लाईट टेल लाईट म्हणूनही लागतात. रात्री ते आधीच लाल असतात. ब्रेक दाबल्यावर फक्त जास्त उजळतात. काच फिक्की असेल तर हा फरक लांबून कळत नाही. तिसरा लाईट मात्र ब्रेक दाबल्याशिवाय लागतच नाही. तो लागला म्हणजे ब्रेकच.

हा शोध आजचा नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना असा जादा लाईट लावून बघितला, तेव्हा मागून धडकण्याचे प्रकार बरेच कमी झाले. पुढं तिथल्या सरकारनं सप्टेंबर १९८५ पासून बनणाऱ्या नव्या मोटारींना तो सक्तीचा केला. सुरुवातीला फायदा मोठा दिसला. नंतर लोकांच्या डोळ्याला सवय झाली आणि तिथल्या सरकारच्याच १९९८ च्या अहवालानुसार मागून होणाऱ्या धडका सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहिल्या. म्हणजे हा काही जादूचा दिवा नाही. पण एवढ्याशा खर्चात एवढं मिळत असेल तर ते सोडण्यात शहाणपण नाही.

एलईडीच का?

साध्या बल्बमध्ये तार तापते, मग उजेड पडतो. पूर्ण उजेड यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. एलईडी दाबल्याबरोबर लागतो. सेकंदाचा पाचवा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मागची गाडी ताशी ६० किलोमीटरनं येत असेल तर तेवढ्या वेळात ती ३ मीटरहून जास्त पुढं येते. म्हणजे साधारण एका मारुती ८०० ची लांबी. ताशी ८० नं येत असेल तर ४ मीटरच्या वर. धडक बसायची की थोडक्यात वाचायचं, हे कधी कधी एवढ्याच अंतरावर ठरतं.

ओम्नीसारख्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं. तिला मागं लांब डिकी नाही. शेवटच्या सीटवर बसलेली पोरं मागच्या दरवाजाला जवळपास टेकलेलीच असतात. धडक बसली तर पहिली त्यांना.

ऊस गाळपाच्या दिवसांत टेंभुर्णी-पंढरपूरसारख्या रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पुढं अंधारात उसाची ट्रॉली दिसते, आपण करकचून ब्रेक दाबतो. आपण वाचतो, पण मागून टिपर किंवा दुधाचा टँकर असतो. पट्टे पुसलेल्या गतिरोधकावरही तेच.

आधी जुने दोन लाईट तपासा

तिसरा लाईट त्याच ब्रेकच्या स्विचवरून चालतो. स्विच किंवा फ्यूज गेला असेल तर तिन्ही लाईट बंद राहणार. आणि खालचे दोन बंद ठेवून वर एक चमकता लाईट लावणं म्हणजे छत गळत असताना भिंतीला रंग देणं. म्हणून सुरुवात इथून करा.

एकट्यानं तपासायचं असेल तर मोबाईल गाडीच्या मागं दोन-तीन मीटरवर विटेला टेकवून ठेवा, व्हिडिओ सुरू करा आणि गाडीत बसून चार वेळा ब्रेक दाबा. मग हेडलाईट लावून पुन्हा चार वेळा दाबा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या. व्हिडिओत जे दिसेल त्यावरून दोष ओळखता येतो.

- एकच लाईट लागत नाही: बहुतेक वेळा बल्ब उडालेला किंवा होल्डरला गंज. बल्ब काढून तार तुटली आहे का बघा. होल्डर बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या.
- दोन्ही लागत नाहीत: फ्यूज किंवा पायाजवळचा ब्रेक स्विच बघा. काही जुन्या जीपगाड्यांत हा स्विच ब्रेकच्या पाइपलाइनवर असतो आणि ऑइलच्या दाबानं चालतो.
- पाय काढला तरी लाईट लागलेलाच: पेडल ज्या छोट्या रबरावर टेकून स्विच दाबतं, ते रबर झिजून पडलेलं असू शकतं. किंवा स्विच सरकला असेल. यात बॅटरीही उतरते आणि मागच्याला ब्रेक कधी दाबला ते कळतच नाही.
- ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर किंवा दुसरा बल्ब मंद पेटतो: अर्थिंग खराब आहे.
- ब्रेक दाबला की मंद, पण हेडलाईट लावल्यावर प्रखर: बल्ब उलटा बसवलाय. हा दोन तारांचा बल्ब असतो, एक २१ वॅटची ब्रेकसाठी आणि दुसरी ५ वॅटची टेल लाईटसाठी. त्याच्या दोन्ही बाजूच्या पिना मुद्दाम वरखाली दिलेल्या असतात. जोर लावून उलटा दाबला तर दोन्ही कामं उलटी होतात.

लाल काच फारच फिक्की झाली असेल तर ती बदलून घ्या. ब्रेक लाईटचा रंग लालच पाहिजे. गुलाबी किंवा पांढरट दिसत असेल तर तो ब्रेक लाईट राहिलाच नाही.

लाईट कसला घ्यायचा?

- १२ व्होल्टचा घ्या. मोठ्या ट्रकचे २४ व्होल्टचे असतात, ते चालणार नाहीत. इंजिन सुरू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेवढा सहन करणारा पाहिजे. वाहनासाठी म्हणून विकला जाणारा लाईट तो सहन करतो.
- लाल आणि स्थिर पेटणारा घ्या. लुकलुकणारा, पळणारा, रंग बदलणारा नको. मागच्या माणसाला एकच गोष्ट कळली पाहिजे, पुढच्यानं ब्रेक दाबला. लुकलुकणारा लाईट बघून तो इंडिकेटर समजेल किंवा नुसताच बघत राहील.
- लग्नाच्या मांडवाला किंवा दुकानाला लावतात ती एलईडीची पट्टी नको. ती हलत्या गाडीच्या हादऱ्यासाठी आणि पाण्यासाठी बनलेली नसते. सहा महिन्यांत अर्धे दाणे बंद पडतात.
- दिवसाढवळ्या, उन्हात १०-१५ मीटरवरून स्पष्ट दिसला पाहिजे. दुकानातच बॅटरीवर लावून बाहेर उन्हात बघा.
- फार प्रखरही नको. रात्री सिग्नलला मागं थांबलेल्याच्या डोळ्यात खुपेल.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात नव्या मॉडेलच्या गाडीचा कंपनीचा तिसरा लाईट कधी कधी चांगल्या स्थितीत मिळतो. तो बाजारातल्या स्वस्त लाईटपेक्षा बहुधा चांगला. घेताना मागची वायर आणि कव्हर सोबत घ्या. कोणताही घेतला तरी बिल जपून ठेवा.

बसवायचा कुठं?

गाडीच्या बरोबर मधोमध आणि खालच्या दोन ब्रेक लाईटपेक्षा उंच. ही दोन्ही महत्त्वाची. बाजूला बसवला तर रात्री लांबून तो तिसरा लाईट न वाटता दुसऱ्याच गाडीचा वाटू शकतो.

मारुती ८०० आणि अल्टोला मागच्या काचेच्या आतून, वरच्या कडेला बसवणं सोपं. पाऊस-धूळ लागत नाही, कोणी उपटून नेत नाही. मात्र लाईटचं तोंड काचेला अगदी चिकटलेलं असावं आणि चारी बाजूंनी काळी रबरी पट्टी लावावी. नाहीतर त्याचा लाल उजेड काचेवरून परावर्तित होऊन आरशात दिसतो आणि आपल्यालाच त्रास होतो. मागच्या काचेला दव घालवायच्या बारीक तारा असतील तर त्यांच्यावर चिकटवू नका.

मागच्या काचेला काळी फिल्म असेल तर आत लावलेला लाईट अंधूकच दिसणार. तशीही मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. आधी फिल्म काढा.

ओम्नीचा मागचा दरवाजा वर उघडतो. वायर छतातून बिजागरीजवळून दरवाजात न्यावी लागते. तिथं दरवाजा उघडून-मिटून वायर तुटते. म्हणून वायर थोडी सैल सोडा, रबरी नळीतून न्या आणि जिथं पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी ग्रोमेट बसवा. उघडा पत्रा वायरीचं आवरण कापतो, मग शॉर्ट ठरलेलाच.

गॅसकिट असलेल्या गाडीत टाकीजवळ किंवा गॅसच्या नळीजवळ ड्रिल मारू नका. काम करताना दरवाजे उघडे ठेवा. गॅसचा वास येत असेल तर लाईटचं काम बाजूला ठेवून आधी गळती बघून घ्या.

वायर कुठं जोडायची?

एलईडी लाईटला साधारण दोन वायरी असतात, लाल आणि काळी. लाल वायर ब्रेक लाईटच्या वायरीला, काळी बॉडीला म्हणजे अर्थला. एवढंच आहे. चुकतं ते ब्रेकची वायर ओळखण्यात.

वायरीच्या रंगावर विसंबू नका. वीस वर्षांच्या गाडीत कितीतरी हात फिरलेले असतात. टेस्ट लॅम्प वापरा. त्याचा चिमटा बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला लावा आणि टोक टेल लाईटच्या एकेका वायरीला. तीन गोष्टी तपासा.

१. सगळे दिवे बंद, ब्रेक दाबला की टेस्ट लॅम्प पेटला पाहिजे.
२. ब्रेक सोडला की विझला पाहिजे.
३. हेडलाईट आणि दोन्ही इंडिकेटर लावले, पण ब्रेक दाबला नाही, तर पेटता कामा नये.

तिन्ही जुळलं की तीच ब्रेकची वायर. काही गाड्यांत यासाठी चावी ऑन करावी लागते.

वायर सापडली की बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि मग जोड द्या. आवरण सोलून नुसता पीळ मारून टेप गुंडाळायची आपल्याकडं पद्धत आहे. उन्हाळ्यात टेपचा डिंक पघळतो आणि जोड उघडा पडतो. सोल्डर करून वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा, नाहीतर चांगला दाबून बसवायचा कनेक्टर वापरा. लाल वायरीवर जोडाच्या जवळच १ किंवा २ अँपिअरचा छोटा फ्यूज बसवा. लाईटमध्ये शॉर्ट झालाच तर तो फ्यूज जाईल, पण खालचे दोन ब्रेक लाईट चालू राहतील.

अर्थसाठी स्क्रूच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, मग वायर आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. रंगावर आवळलेला अर्थ चार दिवस चालतो.

एलईडी उलटा जोडला तर लागत नाही. तसं झालं तर लाल-काळी अदलाबदल करून बघा.

आणखी एक शंका अनेकांना येते, जुन्या वायरिंगवर भार पडेल का? खालचे दोन २१ वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात. ३ वॅटचा एलईडी पाव अँपिअर घेतो. त्यामुळं जाड वायर, रिले किंवा मोठा फ्यूज काही लागत नाही. मूळ फ्यूज काढून मोठा टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. फ्यूज मोठा केला की आधी वायर जळते.

बसवल्यावर मंद पेटत राहिला तर

ही तक्रार हमखास येते. ब्रेक दाबलेला नाही, पण हेडलाईट लावले की वरचा एलईडी मंद लालसर पेटतो. लोक म्हणतात लाईट खराब दिला. बहुतेक वेळा लाईट चांगला असतो, खालच्या टेल लाईटचा अर्थ खराब असतो. दोन तारांच्या बल्बला अर्थ एकच असतो. तो तुटला की टेल लाईटचा करंट बल्बच्या दुसऱ्या तारेतून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो. एलईडीला थोडा करंटही पुरतो, म्हणून तो पेटतो. टेल लाईटचा अर्थ साफ करा, तक्रार जाईल. म्हणजे तिसरा लाईट जुना दोषही दाखवून देतो.

काम संपल्यावर पुन्हा मोबाईलचा व्हिडिओ काढा, एकदा उन्हात आणि एकदा रात्री. बाहेरून बसवलेला असेल तर नळीनं पाणी मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून बॉडी कापणं, टेल लाईटचा आकार बदलणं, मागं पांढरे किंवा निळे दिवे लावणं याच्या नादी लागू नका. मागं पांढरा उजेड फक्त रिव्हर्स आणि नंबर प्लेटसाठी. आपला लाईट लाल, स्थिर आणि फक्त ब्रेकसोबत लागणारा असावा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते. तेव्हा अडचण नको म्हणून शंका असेल तर बसवण्याआधीच आरटीओ कार्यालयात विचारून घ्या.

लाईट लावला म्हणजे काम संपलं का?

नाही. घाटात आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरतो तेव्हा इंजिनानं वेग कमी होतो, पण ब्रेक लाईट लागत नाही. मागच्याला कळावं म्हणून अधूनमधून पेडलला हलका पाय लावा. गतिरोधक दिसला की शेवटच्या क्षणी ब्रेक दाबण्याऐवजी आधी एक-दोनदा हलका दाबा. दोन पैशांचीही वायर न लागता मिळणारी ही सूचना आहे.

तिसरा लाईट मागच्याला सांगतो, आपल्या पुढचं काही दाखवत नाही. पुढं विनालाईट, विनारिफ्लेक्टर ट्रॉली असेल तर त्याला उत्तर आपला वेग कमी ठेवणं हेच. आणि ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी तिच्या मागं लाल रिफ्लेक्टर आणि चालता टेल लाईट लावावा. आपल्याच गावचं कोणीतरी तिच्या मागून येत असतं.

महिन्यातून एकदा एवढं बघा

- तिन्ही ब्रेक लाईट लागतात का, पाय काढल्यावर विझतात का.
- मागच्या लाल काचा आणि मागची मोठी काच पुसलेली आहे का.
- मागच्या सीटवरचं गाठोडं, पिशव्या, उशी वरच्या लाईटच्या आड येत नाही ना.
- वायरीचा जोड सैल नाही ना, विशेषतः मागचा दरवाजा वर उघडणाऱ्या गाडीत.
- गाडीत २१/५ वॅटचा एक जादा बल्ब आणि दोन फ्यूज आहेत का.

पाच मिनिटांचं काम आहे. लांबच्या प्रवासाला निघताना हवा बघतो, तेव्हाच हेही बघून घ्यावं.